बत्तीस पावलं

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, पूर्वी जिथे कॉड मासा मीठ लावून रचत,
त्या शेडमध्ये हानुसचा स्टुडिओ.
भिंतींना अजून मिठाचे पापुद्रे सुटतात,
मायक्रोफोन रात्री दुपट्यात गुंडाळून ठेवावे लागतात.
आणि कोपऱ्यात तो कॉम्प्युटर,
चौदा वर्षं ज्याला इंटरनेटचं वारं लागू दिलेलं नाही.
वारं लागलं तर तो स्वतःला सुधारून घेईल,
सुधारला की आमचा प्रोग्राम उघडणार नाही.
म्हणून हानुसने केबलचं भोक मेणाने बुजवलंय.
खरंच मेणाने. मी नख लावून पाहिलंय.

प्रोग्राम बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली.
मदतीसाठी दिलेला नंबर आता
आरहूसमधल्या एका दातांच्या डॉक्टरकडे वाजतो.
हानुसने दोनदा लावला.
दुसऱ्यांदा अपॉइंटमेंटच घेतली.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात.
इथे प्रोग्रामच मेलेला,
खोड आमची शाबूत.

करड्या पडद्यावर हिरवी लाट सरकते.
करंगळीने तो ती तोडतो, अंगठ्याने सांधतो,
कळांवरची अक्षरं पुसली गेलीत
आणि त्याला ती कधी लागलीच नाहीत.
चुकलं तर मागे जाता येतं,
पण बत्तीसच पावलं.
तेहेतिसावं पाऊल टाकलं की पहिलं गेलं,
त्यातली चूक कायमची.
म्हणून आम्ही मोजत वाजवतो.
अठ्ठाविसावर कॉफी.
एकतिसावर कुणी बोलत नाही,
मारयुनसुद्धा नाही, जी झोपेतही बोलते.

एकदा मोजायचं विसरलो होतो.
तिसऱ्या कडव्यात माझ्या बेसचा एक स्वर
अर्धा घसरलेला, तसाच राहिला.
आता या बेटांवरच्या लग्नांत
लोक ते गाणं माझ्या चुकीसकट गातात.
परवा एका पोराला मी बरोबर करून दाखवलं,
तर म्हणाला, काका, तुम्हाला येत नाही.

ब्रांदुर कोपनहेगनहून आला, मारयुनचा भाचा,
दरमहा पैसे भरायचा नवा प्रोग्राम घेऊन.
त्यात मागे जायला अंत नाही.
पार पहिल्या श्वासापर्यंत जा, म्हणाला.
हानुस म्हणाला, तिथे जाऊन करू काय?

मग पैज लागली.
एकच गाणं, दोन्हीकडून काढलेलं,
हानुसच्या डोळ्यांवर लोकरीचा मफलर.
तो ऐकत राहिला,
मान किंचित कलती, गळ लागल्यासारखी.
हे आपलं, म्हणाला. यात ऊब आहे.
ते नवं होतं.
चार वेळा ऐकवलं, तीनदा तो चुकला.
मारयुन आपल्या बुटांकडे बघत बसली.
बाहेर काल्सोयची बोट भोंगा देऊन गेली
आणि त्या भोंग्यात तरी फरक असता
तर बरं झालं असतं.

हानुसने मफलर सोडला. हसला.
म्हणजे कानांचा काही संबंधच नव्हता, म्हणाला,
आणि ब्रांदुरला मटणाचा रस्सा वाढला, दोनदा.
तेव्हा मला वाटलं, संपलं.
आता मेण खरवडलं जाणार.

सकाळी सातला मी दार ढकललं
तर चहाचं पाणी उकळत होतं
आणि कोपऱ्यात तो कॉम्प्युटर कण्हत उठत होता,
त्याला चार मिनिटं लागतात,
हानुस त्या चार मिनिटांत कधीच काही करत नाही,
नुसता उभा राहतो, कपाळ खिडकीला टेकून.
ब्रांदुर बाकावर झोपेतून उठून बसलेला.
त्याने विचारलं, पण का?
हानुसने उत्तर दिलं नाही,
त्याला खुर्ची दिली, स्वतःची,
आणि पुसलेल्या कळांवर त्याची बोटं ठेवून
म्हणाला, मोज.

मारयुनने घसा साफ केला.
पोराने पहिल्यांदा तोडलं, सांधलं,
पुन्हा तोडलं.
सव्विसापर्यंत आवाज मोठा होता त्याचा.
मग हळूहळू
तोही आमच्यासारखा पुटपुटू लागला.